तीन भाग शिरपूर, एक भाग धुळे

पहिली खुर्ची धुळ्याच्या वस्तादांनी फेकली. ती माझ्यासाठी नव्हती, पण मी मध्ये बसलो होतो आणि मध्ये बसणाऱ्याला आपल्याकडे दोन्ही बाजूंचं लागतं. दुसरी खुर्ची कुणाची होती ते कळलंच नाही. तोवर चौदा तालमींचे वस्ताद, त्यांचे पुतणे-भाचे आणि नुसतेच बघायला आलेले असे सगळे एकमेकांच्या मानगुटीला धरून होते. जळगावातल्या एका डाळमिलच्या गोदामात ही बैठक भरली होती. मिलच्या मालकाला, सगळे त्याला शेठ म्हणत, कुस्तीचा नाद. त्याने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या तालमींसाठी हौसेने दोन मॅट विकत आणल्या होत्या. तालमी चौदा आणि मॅट दोन, म्हणजे भांडण त्यानेच विकत आणलं होतं. कुणाचं तरी डोकं तुरीच्या पोत्यावर आपटलं, पोतं फुटलं, डाळीवरून घसरून माणसं धडाधड पडायला लागली, तेव्हा शेठ पोत्यांच्या थप्पीवर चढून ओरडला, "अरे, कोणीतरी मोजून सांगा रे, कोणाला द्यायच्या ते!"

मोजून. हा शब्द कानावर पडला आणि मी उठलो. कपाळावर खुर्चीचा पाय लागून टेंगूळ आलं होतं, तरी उठलो.

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, मेहरूणला राहतो, आणि माझे दोन्ही कान फुटलेले आहेत. पहिल्या दोन गोष्टींचा तिसरीशी संबंध नाही. मूळचा मी पहूरचा, आणि पोरवयात तिथल्या तालमीत माती खाल्लेला माणूस. पुढे शिकलो, पण कान तसेच राहिले आणि डोकंही तसंच राहिलं, म्हणजे लवकर तापणारं. आयुष्यभर मी एकच काम केलं. कोण थोड्यात जास्त काम करून दाखवतो ते मोजलं. डाळमिली मोजल्या, जिनिंग मोजल्या, दवाखाने मोजले. अहवाल लिहिले, ते वाळवीने वाचले. आज पहिल्यांदा चौदा धिप्पाड माणसं माझ्या उत्तरासाठी भांडण थांबवून उभी होती. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

पद्धतीचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, डेटा एनव्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. मी त्यांना ते नाव सांगितलं नाही, रीत सांगितली. प्रत्येक तालमीत काय पडतं ते मोजायचं: पैलवान किती, वस्ताद किती, आखाड्यात घाम किती तास, खुराक किती. बाहेर काय निघतं ते मोजायचं: यात्रांच्या दंगलीत जिंकलेल्या कुस्त्या, जिल्ह्याच्या निवडीत टिकलेले पैलवान. आता कशाला किती वजन द्यायचं, यावर माणसं एकमेकांचे गळे धरतात. तर ही पद्धत म्हणते, तुझं वजन तूच ठरव. ज्यात तुझी ताकद आहे त्याला भारी कर, ज्यात तू लंगडा आहेस ते हलकं कर. फक्त अट एक, तेच माप मग बाकी तेरा जणांनाही लावणार. तुझ्याच मापाने तुझ्यापेक्षा कुणी सरस निघाला, तर मात्र तुला तोंड लपवायला जागा नाही.

"म्हंजे ज्याना त्याना डाव," शिरपूरचे वस्ताद म्हणाले. त्यांच्या ओठातून रक्त गळत होतं आणि ते खूश दिसत होते. "आपलाच डाववर आपण पडनूत, त मंग बोंब कसानी?"

इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने उत्तर लिहिलेलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठने जाहीर केलं, पहिल्या दोघांना मॅट.

आकडे जमवायला मी गावोगाव फिरलो. कुठे मला दूध पाजलं, कुठे दम दिला. एका ठिकाणी खुराक कमी लिहावा म्हणून माझी मोटारसायकल विहिरीत ढकलायला काढली. शेवटी ठेवलं होतं पहूर. तिथे वस्ताद म्हणजे आबा. माझेही वस्ताद तेच. पासष्टी ओलांडलेली, तरी मान अजून बैलाची, आणि खालचा जबडा उजवीकडे सरकलेला. तीस-एक वर्षांपूर्वी एका यात्रेत तो जबडा शिरपूरच्या याच वस्तादांनी कोपराने मोडला होता. पंच सोडवायला येईपर्यंत दोनदा मारलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. आबा जेवताना जबडा कटकट वाजतो, आणि ताटावर बसलेलं कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आबांच्या तालमीत मुली आहेत. सात-आठ मुली, आणि त्यात त्यांची नात. नात तेव्हा वयोगटाच्या शेवटच्या वर्षात होती. एवढीशी उंची, मांड्या मात्र उखळासारख्या. आदल्या वर्षी ती जिल्ह्याच्या निवडीत हरली होती. निवड मॅटवर होते आणि ती वाढली मातीत. मातीत पाय रुततो, मॅटवर पाय चिकटतो किंवा सटकतो, दोन्ही उलटंच. तिचा बाप सुरतेला कापड मिलमध्ये. त्याने सांगून ठेवलं होतं की या वर्षी निवड झाली नाही तर पोरीला सुरतेला घेऊन जाणार, तिथे शिलाईच्या कारखान्यात जागा बघून ठेवली आहे. म्हणजे पहूरला मॅट हवी होती ती या एका पोरीसाठी, निवडीच्या आधी.

मी आकडे मांडले आणि तिथेच घोडं अडलं. मुली पैलवान म्हणून मोजल्या जात होत्या, त्यांचा खुराक मोजला जात होता, तासही मोजले जात होते. पण यात्रांत मुलींना जोडच मिळत नाही. समोर मुलगी नाही, मुलगा उतरायला तयार नाही. मग नारळ देऊन, टाळ्या वाजवून परत पाठवतात. तालमीत जातं सगळं, बाहेर शून्य.

मी आबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "आबा, मुली यादीतून काढून टाकू. फक्त मुलांची तालीम मोजतो. गुण कुठल्या कुठे जाईल. यात लबाडी काही नाही, मुलींच्या कुस्त्या होतच नाहीत तर..."

पुढचं बोललो नाही, कारण आबांनी माझ्या थोबाडीत दिली. पन्नाशीचा, दोन पोरांचा बाप, कॉलेजात विभागप्रमुख, आणि मी आखाड्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो होतो. कानात शिट्टी वाजत होती.

"माह्या पोरी पैलवान हायेत," आबा म्हणाले. "मोजायच्या."

मोजल्या. पहूरचा गुण निम्म्यावर आला.

निकाल त्याच गोदामात वाचला. या खेपेला शेठने खुर्च्या काढून टाकल्या होत्या, सगळे सतरंजीवर. सीमेवर, म्हणजे ज्यांच्या पुढे कुणीच नाही अशा, दोनच तालमी, धुळे आणि शिरपूर. बाकी बारा आतल्या बाजूला, कुणी थोडं, कुणी फार. ही पद्धत नुसता गुण देऊन थांबत नाही. जो मागे पडला त्याला ती त्याचा आदर्शही दाखवते, की बाबा, तुझ्यासारख्याच घडणीची, पण तुझ्याहून सरस अशी तालीम बघ. ती तालीम खरी असेलच असं नाही. दोन-तीन सरस तालमींचे वाटे घेऊन ती कागदावर रचलेली असते. पहूरची अशी निघाली: तीन भाग शिरपूर, एक भाग धुळे. आणि ही रचलेली तालीम पहूरच्या निम्म्या पैलवानांत पहूरइतक्याच कुस्त्या जिंकते.

मी हे वाचलं, आणि पहूरचे पैलवान उठून उभे राहिले.

"कुठी हाये ती तालीम?" एकाने विचारलं.

म्हटलं, कुठेच नाही, ती कागदावर आहे.

"जी तालीम नही, तिनं आमाले हारवलं?"

मी समजावायला गेलो. आता सांगतो, दंड फुगवलेल्या माणसाला काल्पनिक एकक समजावणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, आणि इथे गाढवं लाथ मारायच्या तयारीत होती. एकाने माझी कॉलर धरली. मी त्याचं मनगट पिरगाळलं, जुनी सवय. कुणीतरी मागून माझ्या पाठीत गुडघा घातला. तेवढ्यात आबा उठले आणि सगळं शांत झालं.

"भो," आबा मला म्हणाले, "कागदावर हारवलं ना, आता मातीत हारवा. तीन शिरपूरचे, एक धुळ्याचा. आन त्या चौघायचं काम आमी आठ जन करतो म्हंतं ना तुह्या कागद? मंग आमचे आठ. त्या चौघायनं दोन दोन कुस्त्या खेळायच्या."

मी म्हटलं, आबा, याचा अर्थ तसा होत नाही. पण माझं ऐकतो कोण. शिरपूरचे वस्ताद हसत उठले. तीस वर्षांत पहिल्यांदा ते आबांशी बोलले असावेत. "चारच लई येस मी. चार पुरे. आठमातीन पाच तुम्हीन जितनात, त मनी मॅट तुमले."

शिरपूरची मॅट पणाला लागली तशी शेठने मांडीवर थाप मारली. त्याला फुकटची दंगल मिळाली. आणि पंच म्हणून सगळ्यांनी बोट दाखवलं माझ्याकडे. हिशेब याचा, तर निस्तरणंही याचंच.

दंगल पहूरच्या बाजाराच्या मैदानात झाली. माती नांगरून, तेल-हळद घालून मऊ केलेली. माणूस इतकं लोटलं की केळीच्या ट्रकच्या टपांवर लोक बसले होते. मी पांढरा सदरा घालून उतरलो. पहिल्या कुस्तीतच तो लाल झाला, मातीने म्हणू नका.

ते चौघे खरंच भारी होते. शिरपूरच्या पहिल्याने आमच्या पहिल्याला धोबीपछाड घातली ती अशी, की पोरगा पडला आणि उठेचना. तोंडावर पाणी मारून उठवला तर त्याने वस्तादांऐवजी मलाच नमस्कार केला. पण माणूस किती झालं तरी माणूस. दुसऱ्या कुस्तीला त्याच गड्याची छाती भात्यासारखी चालत होती. आमच्या दुसऱ्याने त्याची मान काखेत धरून इतका वेळ आवळली की त्याचे डोळे पांढरे झाले. मग लोळवला. कागदावरचे चौघे थकत नाहीत. हे थकत होते, आणि पहूरकरांना ते दिसत होतं. एकाची भुवई फाटली. एकाचं बोट उलटं वळलं, ते त्याने स्वतःच सरळ केलं आणि कुस्ती पुढे खेळला. कडेने बायका ओरडत होत्या, "दाब त्याले, दाब!" एरवी याच बायका घरात झुरळ मारायला नवऱ्याला हाक मारतात.

सात कुस्त्या झाल्या तेव्हा पहूरच्या चार होत्या. एक हवी होती. उरला होता धुळ्याचा पैलवान, त्याची दुसरी कुस्ती. आणि आमच्याकडून उतरली आबांची नात.

मैदान हसलं. धुळ्याचा तर हात पुढे करायलाच तयार नव्हता. वजन दोघांचं सारखंच, पण तो तिच्याकडे न बघता आपल्या वस्तादांकडे बघत राहिला. तेवढ्यात तिने त्याचा पट काढला. दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे, डोकं त्याच्या पोटात, आणि गडी धाडकन खाली, पाठ लागता लागता कुशीवर वळला म्हणून वाचला. मैदान फुटलं. ट्रकच्या टपावरून कुणीतरी चप्पल फेकली ती पोराच्या तोंडावर आली. "पोरीनं पाडला रे!" धुळ्याचे वस्ताद मातीत शिरले, मी अडवायच्या आत पोराच्या कानाखाली जाळ काढला आणि परत जाऊन बसले.

त्यानंतर त्या पोराने तिला मुलगी समजणं सोडलं. त्याने तिला मानेवर कोपर मारून खाली घेतलं. पाठीवर बसला. तिचं तोंड मातीत दाबलं आणि इकडून तिकडे घासलं, खरकटं भांडं घासतात तसं. ती पोटावर पडून राहिली, पाठ लागू देईना. मातीच्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत काही संपत नाही. मग त्याने तिचा डावा हात मागे ओढला आणि पाठीवरून मानेकडे चढवायला लागला. हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंत गेला, आणि मग त्याच्याही पुढे गेला.

मॅटवर असती तर पंचाने कधीच शिट्टी मारून पकड सोडवली असती. तसा नियमच आहे. मातीत असा नियम नाही. मातीत पंचाची मर्जी, नाहीतर वस्तादांनी 'सोडवा' म्हणायचं. मी आबांकडे पाहिलं. आबा मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर.

मी खाली वाकलो. तिच्या तोंडात माती होती, नाकातून रक्त, आणि एक डोळा माझ्यावर. "सोडवू नका काका," ती म्हणाली. "तो दमला. आत्ता सुटते मी."

खांद्यातून आवाज आला. ओलं फडकं पिळताना येतो तसा बारीक आवाज. तो फक्त आम्हा तिघांनाच ऐकू आला.

मी त्या पोराचे केस धरले आणि मागे ओढलं. तो सोडेना, म्हणून तोंडावर एक मारली. "बरोबरी!" असं ओरडलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. धुळ्याचे आत शिरले, पहूरचे आत शिरले, कुणीतरी पाण्याचा पिंप लोटला आणि मातीचा चिखल झाला. माझ्या बरगडीत लाथ बसली. मी एकाचा गळा धरला होता, नंतर कळलं तो आमच्याच तालमीतला. आणि या सगळ्यातून ती आली, डावा हात लोंबत होता, आणि उजव्या मुठीने तिने माझ्या नाकावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

"हात माह्या होता ना?" ती ओरडली. रडत होती, पण तिला त्याची शुद्ध नव्हती. "माह्या हात! तुमी कोन सोडवनारे?"

बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे. आठात चारच. मॅट शिरपूरला गेली.

लोक अजून विचारतात, मास्तर, सोडवली का? ती सुटली असती. सुटलीही असती, काय सांगावं. मी पुन्हा त्या मातीत उभा राहिलो तर पुन्हा सोडवीन, आणि पुन्हा नाक मोडून घेईन. बावीस वर्षं मी वर्गात फळ्यावर लिहितोय की हिशेबात काय घालायचं ते तुम्ही ठरवता. त्या पोरीचा खांदा घालायचा नाही, हे मी ठरवलं. ज्याला पटत नाही त्याने मेहरूणला यावं, घरी आहे मी.

खांदा निखळला नव्हता, थोडक्यात वाचला होता. पट्ट्यात बांधून ठेवला. या काळात तिच्या बापाचे सुरतेहून फोन यायचे, आबा उचलायचे नाहीत. पट्टा सुटला त्या आठवड्यात आबा एकटेच एसटीने माझ्या घरी आले. माझ्या नाकाकडे बघितलं, हसले नाहीत. "तुही गाडी काढ," म्हणाले. "शिरपूरले जायचं."

आधी पहूरला जाऊन पोरीला घेतलं, ती कारच्या मागच्या सीटवर बसली. माझ्याशी बोलत नव्हती. पारोळा मागे गेलं, धुळं मागे गेलं. मला वाटलं आबा भांडायला निघालेत. त्या वयात, त्या माणसाच्या दारात. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की मारामारी झाली तर आपण किती जण, ते किती.

शिरपूरच्या तालमीत निळी-पिवळी मॅट अंथरलेली होती, नव्या प्लास्टिकच्या वासाची. भिंतीजवळ तिथले वस्ताद खुर्चीवर, समोर त्यांचे पैलवान. आबा दारात थांबले, चपला काढल्या. मग टोपी काढली. आबांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वर सगळं टक्कल, त्यावर जुन्या जखमांच्या रेघा.

"माही नात हाये," आबा म्हणाले. जबडा वाजला. "हिले मॅट पाह्यजे. तुह्या तालमीत घे."

शिरपूरच्या वस्तादांनी बराच वेळ आबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या जबड्याकडेच, मला वाटतं. "मना आखाडामा पोरी नहीत," ते म्हणाले. आणि उठले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तिचा डावा हात धरला, तोच, आणि मागे मुरगळला. ती ओरडली. मी पुढे झेपावलो, आबांनी मला छातीवर हात देऊन मागे ढकललं. "राहू दे," ते म्हणाले.

ती हाताच्याच बाजूने वळली, त्यांच्या पोटात खांदा घातला आणि त्या म्हाताऱ्याला उचलून मॅटवर आदळलं. खोली हादरली. त्यांचे पैलवान धावून आले, एकाने तिला मागून लाथ घातली, ती तोंडावर पडली. वस्ताद खालूनच गरजले तसे सगळे जागच्या जागी थांबले. ते उठून बसले, दातांतलं रक्त थुंकले.

"सकायमा पाच वाजता," ते तिला म्हणाले. मग आबांकडे वळले. "पन नाव मना आखाडानं लागी. तुनं नही."

आबा हो म्हणाले.

पोरीला तिथेच ठेवून परत येताना गाडीत आबांनी एकदाच तोंड उघडलं. "जो हात दुखते, त्यानं तोच धरला," म्हणाले. "तो शिकवीन तिले." मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी गाडी उगाच जोरात हाकत होतो. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. धुळ्याच्या अलीकडे मला दिसलं की ते रडतायत. मी गाडी हळू केली.

निवडीला आम्ही दोघं गेलो, वर बाकांवर बसलो. ती तीन कुस्त्या खेळली. पहिलीत समोरच्या मुलीचा दात पडला. दुसरीत हिचीच हनुवटी फुटली, पट्टी बांधून परत उतरली. तिसरी तिने काढली ती मॅटवर पाय असे रोवून, की जणू जन्म तिथेच गेला. शिट्टी झाली. पंचाने तिचा हात वर केला. डावाच हात, पूर्ण वर गेला.

आपल्यात जिंकलेला पैलवान आधी वस्तादांच्या पाया पडतो. आई-बाप, देव, गाव, सगळे नंतर. ती धावत कडेला गेली आणि शिरपूरच्या वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. माईकवरून शिरपूरच्या तालमीचं नाव पुकारलं, हार त्या माणसाच्या गळ्यात पडला, फोटो निघाले. तिने वर बाकांकडे पाहिलं नाही. मी उठलो, मुठी वळलेल्या. आबांनी सदऱ्याला धरून मला खाली बसवलं.

"मीच सांगलं तिले," ते म्हणाले. "वर पाहजो नको."

या वर्षी शेठने पुन्हा मोजायला सांगितलं, आणखी एक मॅट आली आहे. आबा पहूरहून आकडे घेऊन आले, माझ्या टेबलाशी बसले. मी पहूरच्या पैलवानांतून एक कमी केला. मग तिच्या निवडीचा आकडा आला आणि मी थांबलो. आबा संगणकाच्या पडद्याकडे बघत होते, त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"लिही ना," ते म्हणाले.

मी शिरपूरच्या रकान्यात एक मिळवला.